व्यवसायाची ओळख ठरवण्याआधी वह्या उघडा

प्रश्न : कुडाळ तालुक्यात आमचा कोकम, आंबा आणि फणस यांच्यावर प्रक्रिया करण्याचा घरगुती व्यवसाय आहे. सासऱ्यांनी 1989 मध्ये तो सुरू केला आणि परवाना, बँकेचे खाते, दुकानाची जागा, सारे आजही त्यांच्याच नावावर आहे. मोठे दीर उत्पादन पाहतात, माझे पती विक्री पाहतात, सासूबाई आणि मी पॅकिंग, हिशेब व फोनवरच्या मागण्या सांभाळतो. आमसुले, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), अमृत कोकम (कोकमाच्या गोड सरबताचा अर्क), आंबापोळी, फणसपोळी, लोणची, मसाले, काजू असा सुमारे तीस प्रकारचा माल आम्ही विकतो. वर्षाची उलाढाल 58 लाखांच्या आसपास असून नफा 7 लाख दिसतो. महामार्ग चौपदरी झाल्यापासून दुकानासमोर थांबणाऱ्या गाड्या कमी झाल्या आहेत. पतींना नवे नाव, नवे वेष्टन आणि ऑनलाइन विक्री हवी आहे. मुंबईचा एक व्यापारी त्याच्या लेबलखाली वर्षाला 20 लाखांचा माल घ्यायला तयार आहे, मात्र पैसे 90 दिवसांनी देईन म्हणतो. मोठ्या दिरांचा कल तिकडे आहे आणि ते किर्लोस्करांचे उदाहरण देतात. सासरे म्हणतात, चालले आहे ते ठीक आहे. आम्ही बोलावलेल्या एका सल्लागाराने ‘गुणवत्तेतून विश्वास, विश्वासातून समृद्धी’ असे ध्येयवाक्य आणि पाच वर्षांचा तक्ता करून दिला. आता पुढच्या टप्प्यासाठी तो दीड लाख मागतो आहे. आमची ओळख नेमकी कशी ठरवावी आणि नियोजन कोठून सुरू करावे?
— एक सून, कुडाळ तालुका

उत्तर :

तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट प्रथम लक्षात आली. घरातल्या तिघांची तीन मते आहेत, पण तिघांपैकी एकानेही आकडा मांडलेला नाही. आकडे फक्त तुम्ही दिले आहेत आणि नेमक्या तुमच्याच मताचा उल्लेख पत्रात नाही. म्हणून सुरुवात तुमच्यापाशी असलेल्या हिशेबाच्या वह्यांपासून करावी, असे मला वाटते. सल्लागाराने दिलेले ध्येयवाक्य वाईट नाही, परंतु ते सांगलीच्या हळद व्यापाऱ्याला, इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला किंवा एखाद्या पतसंस्थेलाही तितकेच शोभेल. कोणालाही लागू पडणारे वाक्य तुम्हाला कोणताही निर्णय घ्यायला मदत करू शकत नाही. व्यापाऱ्याला हो म्हणावे की नाही, काजू ठेवावा की सोडावा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यातून निघत नसेल, तर ते भिंतीवर लावण्यापुरतेच उपयोगी आहे.

मागील तीन आर्थिक वर्षांची विक्री दोन प्रकारे मांडा. एकदा मालानुसार आणि एकदा गिऱ्हाइकानुसार, म्हणजे दुकानात येणारे प्रवासी, गावातले व बाजारातले लोक, घाऊक दुकानदार, आणि फोनवरून मागवणारी घरे अशा गटांत. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतील, तरीही ते बाहेरच्या माणसाकडे सोपवू नये, कारण कोणत्या दुकानदाराची बाकी कायम लांबते आणि कोणता माल शेवटी घरीच वापरावा लागतो, हे वहीच्या समासातले ज्ञान तुमच्याशिवाय कोणाकडे नाही. मालाची मांडणी पूर्ण झाली की तीस प्रकारांपैकी सात-आठ प्रकारच बहुतांश विक्री देतात, असे दिसण्याची दाट शक्यता आहे. छोट्या व्यवसायांत बाकीचे प्रकार बहुधा कोणी तरी एकदा मागितले म्हणून सुरू झालेले असतात आणि बंद करण्याचा निर्णय कोणीच घेतला नाही म्हणून चालू राहिलेले असतात.

त्यानंतर नफ्याकडे वळा, कारण 7 लाख हा आकडा मला फसवा वाटतो. त्यातून सासूबाई, मोठे दीर, तुमचे पती आणि तुम्ही या चौघांच्या श्रमाचे मोल वजा केलेले दिसत नाही. प्रत्येकी महिना 12,000 रुपये इतका साधा मोबदला धरला तरी वर्षाचे 5,76,000 रुपये होतात आणि मग खरा नफा उरतो 1,24,000 रुपये. माझ्या मते तुमच्या घरातील वादाचे मूळ येथे आहे. घरखर्च भागतो आहे म्हणून सासऱ्यांना धंदा ठीक दिसतो, आणि हाती काही उरत नाही म्हणून मुलांना तो अपुरा वाटतो. दोघांचेही निरीक्षण बरोबर आहे, फक्त दोघे वेगवेगळ्या ओळी वाचत आहेत.

अडकून पडलेल्या भांडवलाचाही हिशेब मालवार हवा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिल-मेमध्ये रोखीने घ्यावे लागतात, पण आमसुले आणि आगळ पुढे वर्षभर विकली जातात. समजा, हंगामात 6 लाखांची खरेदी कॅश क्रेडिटमधून (बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे उचलता येणारे कर्ज) 11 टक्के व्याजाने केली आणि तो माल सरासरी सहा महिन्यांनी विकला गेला, तर 33,000 रुपये व्याज त्याच मालाच्या किमतीत धरले पाहिजे. एकूण व्याज तुमच्या नफा-तोटा पत्रकात असेलच. मात्र ते कोणत्या मालामुळे चढले, हे ते पत्रक सांगत नाही. काजूची तुम्ही केवळ फेरविक्री करत असाल, तर त्यात पैसा किती अडकतो आणि त्यावर किती सुटतो, हे येथेच उघड होईल. बाजारातील प्रत्येक दुकानात मिळणारा काजू तुमच्याकडे नसेल तर किती गिऱ्हाइके परत जातील, हा प्रश्न त्या आकड्यासमोर ठेवून घरात विचारावा.

एवढे झाल्यावरच ओळखीचा विषय घ्यावा. माझ्या दृष्टीने व्यवसायाची ओळख तीन उत्तरांतून बनते : आपण कोणासाठी काम करतो, तो माणूस दुसरीकडे न जाता आपल्याकडे का येतो, आणि त्यासाठी आपण काय करण्याचे नाकारतो. पहिल्या दोन प्रश्नांवर घरात उत्साहाने बोलले जाते. तिसऱ्याची वेळ आली की सगळे गप्प होतात, आणि खरी ओळख त्या तिसऱ्याच उत्तरात असते. ही उत्तरे घरात बसून अंदाजाने देऊ नका. फोनवर मागणी नोंदवणाऱ्यांपैकी वीस-पंचवीस जणांना तुम्ही स्वतः विचारा की आमचा माल मिळाला नाही तर ते काय करतील, पहिल्यांदा कोणाच्या सांगण्यावरून घेतला, आणि आमचे काय आवडत नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. तुमच्या पतींना हवे असलेले नवे नाव ठरवण्यापूर्वी तरी हे व्हायलाच हवे, कारण जुन्या नावाशी लोकांनी काय जोडले आहे हे ठाऊक नसताना नाव बदलणे म्हणजे पस्तीसहून अधिक वर्षांची कमाई न मोजता टाकून देणे होय.

दिरांनी दिलेल्या किर्लोस्करांच्या उदाहरणाबद्दल थोडे लिहितो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर केला. औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली ती 1910 मध्ये. माल पूर्णपणे बदलला हे खरे, पण त्या बदलाची दिशा दुसऱ्याच्या लेबलकडे गेलेली नव्हती. शेतकरी लोखंडी नांगराला बिचकत असताना त्यांनी तो आपल्या नावाने विकण्याची चिकाटी दाखवली. त्यामुळे हे उदाहरण व्यापाऱ्याच्या बाजूने फारसे बोलत नाही, आणि दिरांची मूळ चिंता, म्हणजे हंगामात भट्टी व मजूर यांना पुरेसे काम मिळावे ही, त्या उदाहरणाशिवायही रास्त आहे.

तुमच्या पत्रावरून मला जे दिसते ते एक गृहीतक म्हणून मांडतो. वह्यांनी ते खोटे ठरवले तर वह्यांचे ऐका. मला वाटते, तुमचे खरे गिऱ्हाईक रस्त्यावरून जाणारा पर्यटक नाही. मे महिन्यात आणि गणपतीत गावी येऊन वर्षाचे आमसूल घेऊन जाणारे, आणि नाही जमले तर फोन करून मागवणारे मुंबई-पुण्यातील कोकणी घर, हे तुमचे गिऱ्हाईक आहे. त्याला आमसुलाला रसाची किती पुटे दिली आहेत हे रंगावरून कळते, गेल्या वर्षीचा माल यंदाच्यात मिसळला तर ते त्याच्या लक्षात येते, आणि तरीही तो घासाघीस करत नाही. महामार्गावरच्या गाड्या कमी झाल्याने पर्यटक गेला. हे घर गेलेले नाही. असे असेल तर तुमची ओळख अशी लिहिता येईल : ‘मुंबई-पुण्यातील कोकणी कुटुंबांना वर्षभराची आमसुले, आगळ, अमृत कोकम आणि आंबापोळी, कोणत्या हंगामात केली ते स्पष्ट लिहून, घरपोच पुरवणारे आम्ही उत्पादक आहोत.’ वाक्य ओबडधोबड आहे, पण त्यातून निर्णय निघतात. काजू आणि बाहेरून आणलेले मसाले त्यात बसत नाहीत. जुना माल मिसळणे त्यात बसत नाही. वेष्टनावर हंगामाचे वर्ष ठळक छापावे लागते, आणि एखाद्या वर्षी माल कमी झाला तर तसे सांगून मागण्या थांबवाव्या लागतात.

ऑनलाइन विक्रीचा विचार याच चौकटीत करावा. अमृत कोकमाच्या काचेच्या बाटल्या कुरिअरने पाठवताना वजन, फुटणे आणि गळती यांत नफा जातो, तर आमसुले व आंबापोळी हलकी, टिकाऊ आणि पाठवायला सोयीची असतात. म्हणून कोरडा माल दूरवर आणि बाटल्या दुकानात किंवा मुंबईकडे ठरावीक दिवशी जाणाऱ्या गाडीने, असे विभाजन मला अधिक व्यवहार्य वाटते. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर जाण्याआधी फोनच्या वहीतील घरांकडून मार्चमध्ये आगाऊ नोंदणी घेऊन पाहा. हापूसच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी आपल्याकडे रुळलेलीच आहे. वहीत समजा 400 घरे असतील आणि त्यातील निम्म्यांनी प्रत्येकी 1,500 रुपये आधी दिले, तर 3 लाख रुपये हाती येतात, म्हणजे वरच्या उदाहरणातील हंगामी खरेदीची निम्मी रक्कम बिनव्याजी उभी राहते. निम्म्यांऐवजी दहाव्या हिश्श्यानेच दिले, तर तुमच्या नावावर लोकांचा किती भरवसा आहे हे नव्या वेष्टनावर खर्च करण्याआधीच कळेल.

व्यापाऱ्याचा प्रस्ताव सरसकट नाकारावा असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या लेबलखाली माल करण्यात कमीपणा नाही आणि मंदीच्या काळात त्याचा आधार होतो. पण 58 लाखांच्या व्यवसायात 20 लाखांचे एकच गिऱ्हाईक आले की एकूण विक्रीचा चौथ्या भागाहून अधिक हिस्सा एका माणसाच्या मर्जीवर जातो, आणि हंगाम तर दोनच महिन्यांचा असतो. त्या दोन महिन्यांत भट्टी आणि वाळवणाची जागा त्याच्या मालाने व्यापली, तर ज्यांच्यासाठी तुमचे नाव आहे त्या घरांचा माल कमी पडेल. शिवाय मालात दोष निघाल्यास वेष्टनावर उत्पादक म्हणून तुमचा पत्ता आणि अन्न परवाना क्रमांक असणार. श्रेय त्याच्या नावाला आणि जबाबदारीत मात्र तुमचा वाटा, अशी ही रचना आहे. पहिल्या वर्षी 10 लाखांपेक्षा अधिक मागणी घेऊ नये, तुमच्या स्वतःच्या पाककृतीऐवजी वेगळ्या प्रमाणाची पाककृती त्याला द्यावी, आणि बाटल्या व लेबलांचा खर्च त्याच्याकडून आधी घ्यावा, असे मी सुचवेन.

90 दिवसांच्या उधारीबाबत तुमची बाजू तुम्हाला वाटते त्याहून भक्कम आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 च्या कलम 15 नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला मालाचे पैसे देण्याची मुदत लेखी करार करूनही 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि लेखी मुदत ठरलेली नसेल तर ती 15 दिवस असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या मर्यादेनुसार अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, त्यामुळे तुम्ही त्यात सहज बसता. मात्र उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडे होणारी लहान उद्योगांची नोंद) करार करण्यापूर्वी झालेली असावी. अर्थात, कायदा दाखवून पैसे वसूल करण्याची वेळ आली म्हणजे ते गिऱ्हाईक गेल्यातच जमा असते. म्हणून 45 दिवसांची अट आणि काही रक्कम आगाऊ, या दोन्ही गोष्टी बोलण्याच्या पहिल्याच बैठकीत ठेवाव्यात. त्यावर तो मागे हटला, तर त्याला तुमचा माल हवा होता की तुमचे भांडवल, हे स्पष्ट होईल.

आता ज्या विषयाला तुमच्या पत्रात एकच ओळ मिळाली आहे त्याकडे येतो, आणि माझ्या मते सर्वांत तातडीचा विषय तोच आहे. सारे काही सासऱ्यांच्या नावावर आहे. एकल मालकीच्या व्यवसायाला मालकापेक्षा वेगळे कायदेशीर अस्तित्व नसते. मृत्युपत्र न करता त्यांचे काही बरेवाईट झाले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार सासूबाई, दोन्ही मुलगे आणि नणंद असल्यास तिचाही सारखा वाटा येतो; परवाना आणि बँकेची मर्यादा यांचे प्रश्न वेगळेच. दोघे भाऊ आज मालकाच्या हुद्द्याने निर्णय मांडत आहेत, पण कागदोपत्री त्यांच्यापैकी कोणीच मालक नाही, आणि तुम्ही व सासूबाई तर कोठेच नाही. अशा स्थितीत पाच वर्षांचा तक्ता कोणाच्या वतीने करायचा? भागीदारी संस्था किंवा मर्यादित दायित्व भागीदारी यांपैकी काय योग्य ते तुमच्या सनदी लेखापालांना विचारा. साधी भागीदारी केल्यास ती निबंधकाकडे नोंदवा, कारण 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातील येणे वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. करारनाम्यात काम करणाऱ्याचा मासिक मोबदला आणि मालकीचा नफा ही दोन वेगळी कलमे ठेवा. एखादा भाऊ बाहेर पडला तर त्याला पैसे कसे व किती हप्त्यांत द्यायचे आणि व्यवसायाचे नाव कोणाकडे राहील, हेही आजच, सर्वांचे सूर जुळलेले असताना लिहा.

नावाचे संरक्षण वेगळे करावे लागते. मर्यादित खर्चात ते होते : व्यक्ती किंवा लघु उद्योगासाठी व्यापारचिन्हाच्या ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क प्रत्येक वर्गासाठी 4,500 रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण होते. तुमचा माल एकाच वर्गात बसणार नाही. आमसुले आणि फळांची पोळी एका वर्गात, मसाले दुसऱ्या, तर सरबताचा अर्क तिसऱ्या वर्गात जाईल. पतींच्या मनातील नव्या नावात ‘कोकण’, ‘मालवणी’ किंवा ‘शुद्ध’ असे शब्द असतील, तर त्यांच्यावर एकट्याचा हक्क मिळणे अवघड असते, हे त्यांना जरूर सांगा. ‘हापूस’ला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्यास त्याचा उपयोग करता येतो, परंतु ते मानांकन सर्व उत्पादकांचे सामाईक असते, तुमची स्वतंत्र ओळख त्यातून होणार नाही.

नियोजन पाच वर्षांचे नको. तीन हंगामांचे करा आणि ते एका कागदावर मावू द्या. कोकणातील प्रक्रिया उद्योगाचे वर्ष एप्रिलमधल्या रातांब्यांपासून मोजावे, कारण त्यापूर्वी बाटल्या, मीठ, साखर, मजूर आणि बँकेची मर्यादा यांची तयारी फेब्रुवारीतच व्हावी लागते. पहिल्या हंगामात मालाचे प्रकार कमी करणे, आगाऊ नोंदणी आणि भागीदारीची कागदपत्रे एवढेच घ्या. दुसऱ्या हंगामासाठी वाळवणाचा प्रश्न घ्यावा लागेल. 2025 मध्ये मोसमी पाऊस 25 मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला, त्याआधीही मे महिनाभर अवकाळी सरी होत्या, आणि उन्हावर अवलंबून असलेल्यांचे वाळवण त्यात सापडले. केवळ अंगणातील उन्हावर चालणारा व्यवसाय आता वर्षभराच्या मागण्यांचा शब्द देऊ शकत नाही. म्हणून नव्या वेष्टनापेक्षा सौर वाळवणयंत्राला मी आधीचा क्रम देईन. 2020 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत कर्जाशी जोडलेले 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंतचे अनुदान ठेवलेले आहे. सध्या अर्ज घेतले जात आहेत का, याची चौकशी तुमच्या जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या ओरोसच्या जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात करावी, आणि अनुदान न मिळाल्यासही परवडेल एवढेच यंत्र निवडावे. तिसरा हंगाम आज कोरा ठेवला तरी चालेल.

त्या कागदावर प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव लिहा, ‘सर्वांनी मिळून’ असे लिहू नका. प्रत्येक नव्या प्रयोगापुढे तो कोणत्या तारखेला आणि कोणत्या आकड्यावर थांबवायचा हेही लिहा. ऑनलाइन विक्रीचा खर्च समजा 1 लाख ठरला आणि पुढील डिसेंबरपर्यंत ठरलेली विक्री झाली नाही, तर तो तेथेच थांबावा आणि त्यावरून पतींना कोणी बोल लावू नये, हे आधीच मान्य झालेले असले पाहिजे.

सासऱ्यांसमोर हे कसे मांडावे, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो मनात असणार. ज्यांनी शून्यातून उभे केले त्यांच्यापुढे ‘बदल’ हा शब्द घेऊन जाऊ नका. त्यांच्या वह्यांतून तुम्ही काढलेली मांडणी न बोलता त्यांच्यापुढे ठेवा आणि कोणता माल त्यांनी का सुरू केला होता, हे त्यांनाच विचारा. जुना माल मिसळायचा नाही, गिऱ्हाइकाला खोटे सांगायचे नाही, असे जे नियम त्यांनी न लिहिता पाळले असतील ते त्यांच्या तोंडून लिहून घेतले, तर ओळखीच्या कागदातील निम्मा मजकूर तयार होईल, आणि त्यावर त्यांची हरकत येण्याचे कारण उरणार नाही. नणंद असल्यास या बैठकीला तिलाही बोलवावे.

सल्लागाराला दीड लाख देऊ नयेत. त्याच रकमेत भागीदारीचा करारनामा, त्याची नोंदणी, तीन वर्गांतील व्यापारचिन्हाचे अर्ज आणि सनदी लेखापालांचे शुल्क भागून काही शिल्लक राहावी. व्यापाऱ्याला मात्र लवकर उत्तर द्या, कारण त्यालाही हंगामापूर्वी दुसरी सोय पाहावी लागेल : 10 लाखांपर्यंत, 45 दिवसांत पैसे, वेष्टनाचा खर्च आगाऊ. हे पत्र व्यवसायाच्या वतीने जाईल तेव्हा त्यावर आज तरी सासऱ्यांचीच सही लागेल, म्हणून वरची बैठक त्याआधी घ्या.